लाठी लागली, आता कागद जमवा: मनीषनगरकरांसाठी कार्यालयं, खर्च आणि मुदती

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड, नाहीतर लिबर्टी टी-पॉइंटला अडवले जातात. बहुतेक वेळा निवेदन देऊन, भाषणं ऐकून लोक घरी परततात. एखाद्या वेळी कठडे पडतात आणि लाठ्या चालतात. हा मजकूर त्या एखाद्या वेळेसाठी आहे. मोर्चा कोणाचा, मागणी बरोबर की चूक, यात आपण पडणार नाही. तुमचं डोकं फुटलंय किंवा हात मोडलाय, तुम्ही मनीषनगरात राहता आणि तुम्हाला उपचार, तक्रार, भरपाई हवी आहे, एवढंच धरून चालू.

एक गोष्ट आधीच सांगतो. भरपाई मिळते, पण उशिरा आणि थोडी. ती मिळवायची तर पहिल्या तीन दिवसांत तयार झालेला कागदच शेवटपर्यंत कामी येतो. जो केस पेपर निघालाच नाही, तो पुढे मोठ्यातला मोठा वकीलही आणून देऊ शकत नाही.

आधी मेडिकल, मग ठाणं

मनीषनगरात खासगी दवाखान्यांना तोटा नाही. रक्त वाहत असेल तर सगळ्यात जवळच्या दवाखान्यात शिरा, टाके घालून घ्या. ‘ही पोलीस केस आहे, आधी ठाण्यातून या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. परमानंद कटारा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 1989 मध्येच सांगितलंय की जखमीवर तातडीचे उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे.

त्यानंतर मात्र त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. बर्डीत लागलं असेल तर रेल्वे स्टेशनजवळचं मेयो जवळ पडतं. घरी येऊन दुखणं वाढलं तर अजनीमार्गे मेडिकल, नाहीतर वर्धा रोडनं मिहानमधलं एम्स. तिथे अपघात विभागात जाऊन स्पष्ट शब्दांत म्हणा, ‘एमएलसी करा.’ एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद. तिचा क्रमांक केस पेपरवर पडला की नाही, हे खिडकीवरून हलण्याआधी बघा आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढा. खासगी रुग्णालयही एमएलसी करू शकतं, पण काही ठिकाणी त्याचा वेगळा आकार बिलात लावतात. तो आकार कशाचा हे लेखी विचारा.

डॉक्टर विचारणार, ‘कशानं लागलं?’ इथेच अनेक प्रकरणं मरतात. पोरं घाबरतात, ‘गाडीवरून पडलो’ म्हणतात, आणि इतिहासाच्या रकान्यात तेच उतरतं. सहा महिन्यांनी सरकारी वकील तीच ओळ वाचून दाखवतो. तुम्ही खरं तेच सांगा: मोर्चात, अमुक चौकात, इतक्या वाजता, पोलिसांच्या लाठीनं. कर्मचाऱ्याचं नाव माहीत नसेल तर ‘गणवेशातील पोलीस’ पुरेसं आहे. सांगितलेलं तसंच लिहिलं गेलं का, हे वाचून घ्या. इंग्रजी अक्षर लागत नसेल तर सोबतच्याला वाचायला लावा.

लाठीचा वळ ओळखता येतो, हे तुमच्या पथ्यावर पडतं. दंडगोल वस्तू जोरात बसली की कातडीवर दोन समांतर लाल रेघा उमटतात आणि मधला पट्टा फिका राहतो. गाडीवरून पडल्यावर असं होत नाही. डॉक्टरला तो वळ दाखवा, मापासकट लिहायला सांगा, शरीराच्या आकृतीवर खूण करून घ्या. पाठीवरची, मांडीच्या मागची जखम आवर्जून दाखवा, कारण पळणाऱ्या माणसाला मारलं हे त्याच जखमेवरून कळतं. घरी रोज एक फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात. लाल वळ निळा होतो, पाच-सहा दिवसांत हिरवट, मग पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. तो गेल्यावर दाखवायला तुमच्याकडे फोटोच उरतात.

एक्स-रे नक्की काढा, दुखणं किरकोळ वाटलं तरी. कायद्यात इजा दोन प्रकारची: साधी आणि गंभीर. हाड किंवा दात मोडला, सांधा निखळला की ती गंभीर. हाड शाबूत असलं, पण 15 दिवस तीव्र वेदना होत्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरीही ती गंभीरच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नं ही मुदत 20 वरून 15 दिवसांवर आणली आहे. म्हणून दहाव्या दिवशी बरं वाटू लागलं म्हणून फेरतपासणी टाळू नका. सोळाव्या दिवशीही हात वर जात नसेल तर सोळाव्या दिवशीचा केस पेपर हवा. पुढचं सगळं या एका वर्गवारीवर फिरतं. पोलीस एफआयआर घेतील की नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून देतील, हेसुद्धा.

दवाखान्याचं बिल

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, त्यामुळे तिथे केस पेपर आणि तपासण्यांचं माफक शुल्क लागू शकतं. पावती जपा. औषध बाहेरून आणायला लावलं तर चिठ्ठी आणि बिल एकत्र टाचा. सुटं बिल भरपाईच्या हिशेबात धरलं जात नाही.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे आणि ते आता पिवळ्या-केशरी कार्डापुरतं राहिलेलं नाही. रेशन कार्ड, आधार आणि रुग्णालयातला आरोग्यमित्र, एवढं लागतं. हेल्पलाइन 155388. भरती होतानाच सांगा. डिस्चार्जच्या दिवशी सांगून उपयोग नाही.

खासगी मेडिक्लेम असेल तर अर्ज जपून भरा. पॉलिसीत गुन्हेगारी हेतूनं कायदा मोडताना झालेली इजा वगळलेली असते. मोर्चात असणं म्हणजे गुन्हेगारी हेतू नव्हे, हे कंपनीला लेखी सांगावं लागतं. वैयक्तिक अपघात विम्यात तर दंगल आणि नागरी अशांतता यांची सरळ वगळणी असू शकते, ती वाचा. पण विम्यासाठी ‘जिन्यावरून पडलो’ लिहायचा सल्ला कोणी दिला तर त्याला हात जोडा. त्या एका ओळीनं क्लेम आणि केस, दोन्ही जातात.

नोकरी ईएसआय लागू असलेली असेल तर हा पैसा लोक हमखास विसरतात. कामावर लागलं नसलं तरी आजारपणाचा लाभ मिळतो: वर्षात 91 दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या वेतनाच्या 70 टक्के, वर्गणीची अट पूर्ण असेल तर. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं. सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय किंवा तुमचा जोडलेला दवाखाना गाठा. रोजंदारीवर असाल तर मालकाकडून साध्या कागदावर लिहून घ्या की इतके दिवस काम बुडालं आणि रोज इतका होता.

सुट्टी होताना संपूर्ण रेकॉर्डसाठी लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत कागद मिळायला हवेत. एक्स-रेच्या फिल्मची प्रतही मागा.

खाटेवरची सही

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला येतील. ते त्यांचं काम आहे, सहकार्य करा. पण तयार लिहून आणलेला कागद पुढे झाला आणि त्यात ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ ही ओळ असेल तर सही करू नका. ‘शुद्धीत नाही, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर देतो’ एवढं म्हणा. गुंगीत सही झालीच असेल तर दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तांच्या नावानं अर्ज लिहा: अमुक वेळी, अमुक इंजेक्शननंतर सही घेतली, ती मला मान्य नाही. अर्ज घरचं कोणीही नेऊन देऊ शकतं. पोच घेतल्याशिवाय आवक-जावक खिडकी सोडायची नाही.

अटक झाली असेल तर नियम वेगळे, पण तुमच्या बाजूचे. 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं बंधनकारक आहे, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी. तपासणीच्या अहवालाची प्रत तुम्हाला मिळायला हवी. दंडाधिकारी विचारतात, ‘काही तक्रार?’ लोक मान हलवून ‘नाही’ म्हणतात. तिथेच शर्ट वर करा, वळ दाखवा आणि नोंद घ्यायची विनंती करा. ती नोंद फुकट आहे आणि तिच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही.

बेलतरोडी की सीताबर्डी?

घटना जिथे घडली तिथलं ठाणं, हा नियम. मॉरिस कॉलेजजवळ लागलं तर सीताबर्डी, यशवंत स्टेडियमच्या बाजूला लागलं तर धंतोली. पण ज्या ठाण्यातल्या माणसांनी मारलं त्याच ठाण्याच्या पायऱ्या चढायची इच्छा कोणालाच नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं एफआयआर देता येतो, म्हणजे बेलतरोडीतही. ‘आमची हद्द नाही’ हे कारण 1 जुलै 2024 पासून कायद्यात बसत नाही. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानंही पाठवता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत. कोणी ‘झेरॉक्सचे शंभर’ म्हणालं तर कलम 173(2) म्हणा.

ठाणेदार बहुधा एनसीवर भागवायला बघतील. साधी इजा अदखलपात्र आहे आणि तिचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. तिथे 15 दिवसांचा किंवा हाडाचा कागद पुढे करा. गंभीर इजा, न्याय संहितेचं कलम 117(2), दखलपात्र. धोकादायक साधनानं केलेली इजा, कलम 118(1), हीसुद्धा. एफआयआर नाहीच घेतला तर तोंडी भांडू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टनं पोलीस उपायुक्तांना पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे खिडकीवर ‘रजिस्टर्ड’ मागत बसू नका, स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. त्यानंतरही हालचाल नसेल तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज, सोबत शपथपत्र. आधी ठाणं, मग वरिष्ठ, मग दंडाधिकारी, हा क्रम मोडला तर अर्ज परत येतो.

शपथपत्रावरून आठवलं. कोर्टाच्या आवारात 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यायला लावणारे भेटतील. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात दाखल करायच्या शपथपत्रावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात 2004 पासून माफ आहे. साधा कागद चालतो. नोटरीचे आणि टायपिंगचे पैसे आधी ठरवा.

पोलिसांविरुद्धची तक्रार असल्यानं दोन अडथळे जास्तीचे आहेत. दंडाधिकारी आदेश देण्याआधी त्या कर्मचाऱ्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतात आणि त्याचं म्हणणं ऐकतात. आणि जमाव पांगवताना केलेल्या कृतीसाठी खटला भरायला सरकारची मंजुरी लागू शकते. म्हणूनच वकील भेटताच ‘आठवड्यात निलंबित करून दाखवतो’ म्हणाला तर दुसरा वकील बघा.

सहा महिन्यांचा सापळा

हा परिच्छेद दोनदा वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 161. पोलिसानं कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा किंवा खटला घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. खटल्याच्या बाबतीत राज्य सरकारची पूर्वमंजुरी असेल तर दोन वर्षांपर्यंत सूट आहे, पण ती मंजुरी तुमच्या हातात नाही. लाठी मारणं हे कर्तव्यच नव्हतं असा युक्तिवाद करता येतो, कोर्टांनी काही प्रकरणांत तो मानलाही आहे. पण युक्तिवादावर विसंबून तारीख घालवू नका. 10 डिसेंबरला लागलं असेल तर जूनच्या आत, आणि प्रत्यक्षात मार्चच्या आत हालचाल हवी.

मार्च का? नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. राज्य सरकारसाठी ती जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. ती संपायची वाट बघितली की सहातले दोन महिने गेले. त्यात वकील शोधण्यात एक, मोर्चाच्या नेत्याच्या ‘बघू’मध्ये दोन. उरला एक.

‘चौकशी समिती नेमली आहे, तिचा अहवाल येऊ द्या’ हे वाक्य ऐकून थांबलेले लोक नागपूरनं पाहिले आहेत. 23 नोव्हेंबर 1994 ला विधानभवनाजवळ गोवारींच्या मोर्चात लाठीमार आणि चेंगराचेंगरी होऊन 114 जीव गेले. दाणी आयोग बसला आणि त्यानं कोणालाही दोषी धरलं नाही. आज बर्डीच्या उड्डाणपुलाला शहीद गोवारींचं नाव आहे. आयोग भरपाईचा हुकूम देत नाही, तुमच्या सहा महिन्यांचं घड्याळही थांबवत नाही. बोलावलं तर जा, शपथपत्र द्या, पण स्वतःचा अर्ज वेगळा चालू ठेवा. माफीचंही तेच. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 ला लाठीमार झाला, तीन दिवसांत तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीसांनी क्षमा मागितली. राजकीयदृष्ट्या ती मोठी गोष्ट होती. भरपाईचा अर्ज मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो.

फुकटचे दरवाजे

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर. तिथे जायची गरज नाही. फी नाही, वकील नाही, साध्या मराठीत अर्ज टपालानं पाठवा, कागदांच्या प्रती जोडा. मुदत घटनेपासून एक वर्ष. आयोग भरपाईची शिफारस करतो. शिफारसच, हुकूम नव्हे, पण सरकारला उत्तर द्यावं लागतं. दोन गोष्टी सांभाळा. एकच तक्रार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे एकाच वेळी पाठवू नका, एक जण हात झटकतो. आणि प्रकरण कोर्टात गेलं की आयोग बहुधा फाइल बंद करतो. त्यामुळे हायकोर्टात जायचं पक्कं असेल तर हा दरवाजा आधी वाजवायचा की सोडायचा, ते वकिलाबरोबर ठरवा.

पोलीस तक्रार प्राधिकरण कमी लोकांना माहीत आहे. पोलीस अधिनियमातल्या 2014 च्या दुरुस्तीनं ते आलं: राज्य पातळीवर एक, आणि महसूल विभागनिहाय वेगळी. वरिष्ठ निरीक्षकापर्यंतच्या कर्मचाऱ्याविरुद्ध विभागीय प्राधिकरण, उपअधीक्षक आणि त्यावरच्यासाठी राज्य. गंभीर इजा, बेकायदा अटक, अधिकाराचा गैरवापर, हे सगळे त्यांचे विषय. पैसे मिळवून देणं हे मात्र त्यांचं काम नाही. इथून कारवाई होते, आणि तिचा कागद भरपाईच्या अर्जाला बळ देतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सिव्हिल लाइन्स, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. मेट्रोनं उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगरला बसा, कस्तुरचंद पार्कला उतरा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता वकील मोफत. बाकीच्यांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख. आधार, उत्पन्नाचा दाखला, एमएलसीची प्रत न्या. फोनवर 15100. हायकोर्टासाठी त्यांची वेगळी उपसमिती आहे, तिथेही हेच निकष.

पुरावा: दहा रुपयांत

चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण कायम राहत नाही, ठराविक दिवसांनी पुसलं जातं. पहिल्या आठवड्यातच पोलीस आयुक्तांना अर्ज द्या: तारीख, वेळ, चौक, आणि ‘हे चित्रण जतन करावे’. दुकानदाराच्या कॅमेऱ्यासाठी त्याला गोड बोलून सांगा, तो दुसऱ्यांदा देणार नाही. ठाण्याच्या आत मारहाण झाली असेल तर हातात जोर जास्त आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं ठाण्यातलं चित्रण 18 महिने ठेवायला सांगितलंय, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही. प्रत पानाला 2 रुपये, उत्तर 30 दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत लागतो, म्हणून ‘लाठीमार का केला’ असं विचारू नका. बंदोबस्ताचा आदेश, त्या दिवसाची स्टेशन डायरी, बळाचा वापर करण्याचा आदेश कोणी दिला त्याची नोंद, जखमी पोलीस आणि नागरिकांची यादी, एवढ्याच्या साक्षांकित प्रती मागा. उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. दुसरं अपील नागपूर खंडपीठाकडे जातं, तिथे मात्र रांग मोठी.

स्वतःच्या मोबाइलमधली मूळ फाइल पुसू नका, कापू नका, तिच्यावर गाणं चढवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तारखेचा तपशील निघून जातो. मूळ फाइल मोबाइलमध्ये ठेवून दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना कायद्यातच आहे. मोबाइल पोलिसांनी घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. जप्तीचं चित्रीकरण करणं आता बंधनकारक आहे.

किती मिळतं?

उगीच आशा लावत नाही. दिल्लीच्या रामलीला मैदानावर 4 आणि 5 जून 2011 च्या रात्री झोपलेल्या आंदोलकांवर पोलिसी कारवाई झाली. सुप्रीम कोर्टानं 23 फेब्रुवारी 2012 ला भरपाई ठरवली: मृत महिलेच्या वारसांना 5 लाख, गंभीर जखमींना 50 हजार, किरकोळ जखमींना 25 हजार. आणि त्यातले 25 टक्के आयोजक ट्रस्टनं द्यायचे, कारण कोर्टाला त्यांचाही निष्काळजीपणा दिसला. विनापरवानगी मोर्चात होतात म्हणून तुमचा हक्क बुडत नाही, पण आयोजकांनी काय केलं याचा हिशेब रकमेत लागू शकतो.

हायकोर्टात थेट भरपाईसाठी अनुच्छेद 226 ची याचिका होते. नीलाबती बेहेरा प्रकरणात 1993 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मार्ग पक्का केला. कोर्ट शुल्क किरकोळ, खर्च वकिलाचा, टायपिंगचा आणि झेरॉक्सचा. पाच-दहा जखमी मिळून एक याचिका केली तर खर्च वाटला जातो, पण प्रत्येकाची एमएलसी वेगळी हवी. एका जखमीच्या कागदावर सगळ्यांचं भागत नाही. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी असते, म्हणून रागाच्या भरात 50 लाख मागू नका. फी भरायची ऐपतच नसेल तर निर्धन व्यक्ती म्हणून दावा दाखल करता येतो.

‘जेवढं मिळेल त्यातले तीस टक्के माझे’ असं वकील म्हणाला तर उठा. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून टक्केवारी घ्यायला बंदी आहे. फी आकड्यात, टप्प्याटप्प्यानं, पावतीसह.

तुमच्यावरच गुन्हा असेल तर

बहुधा असतोच. बेकायदा जमाव, दंगल, मनाई आदेशाचा भंग, आणि जड कलम म्हणजे न्याय संहितेचं 132, लोकसेवकावर हल्ला. शेवटचं अजामीनपात्र आहे, तिथे अटकपूर्व जामिनासाठी वकील लगेच गाठा. या भीतीनं तुमची तक्रार मागे ठेवू नका. दोन्ही गुन्हे स्वतंत्र चालतात. ‘तुम्ही एमएलसी मागे घ्या, आम्ही कलम कमी करतो’ असा सौदा घेऊन मध्यस्थ आला तर कळून घ्या की एमएलसी मागे घेता येत नाही आणि कलम कमी करणं त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात फक्त तुमचे पैसे येतील.

आंदोलनाचे गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. त्यांत साधारणपणे जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचं नुकसान 5 लाखांच्या वर नसावं अशा अटी असतात, तारखेची मर्यादाही असते. शासनानं ठरवलं तरी सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची संमती लागते. टीव्हीवर ‘गुन्हे मागे’ ऐकलं म्हणून तारखेला गैरहजर राहू नका, वॉरंट निघतं.

मिहानमध्ये नोकरी आणि परदेशी जायचा बेत असेल तर पासपोर्टचं बघून ठेवा. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. दोषारोपपत्र जाऊन कोर्टानं दखल घेतली की मग पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते, आणि ती मिळाली तर 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट मिळतो. परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो. अर्ज करतानाच वकिलाला किती वर्षांची मुदत हवी ते लिहायला सांगा.